संत्र्याच्या घरी सफरचंदाचे भजे

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. काळी आहे, जड आहे, आणि भंगार नाही. हे शेवटचं मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या भाद्रपदात आमच्या घरी त्यावरूनच वाद पेटला होता.

माझा जन्म बहिरमच्या यात्रेतला. तिथे एका गाडीलोहाराचं पाल पडलं होतं. तो सांडशीने तापलेला पत्रा धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. त्या बाईने मला जे घाव घातले, त्यातल्या एकानेही मी फाटले नाही. पार्बताबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने मला उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच घ्या. हे पातळ नाही."

मोर्शीजवळच्या आमच्या गावात तिच्या नवऱ्याची, वामनरावांची संत्र्याची बाग आहे. पार्बताबाईने मला आधी आठ दिवस नुसतं तेल पाजलं, आणि मगच कामाला घेतलं. मग मात्र मला उसंत नव्हती. आखाडीला गुलगुले, पोळ्याला वडे, संत्रातोडणीच्या दिवशी पंधरा-वीस माणसांचे भजे. तीस-पस्तीस वर्षं हेच. खाणारे कौतुक करत, तेव्हा पार्बताबाई सरळ सांगे, "माह्या हाताचं काही नाही, कढईचं हाये." अशी कबुली किती भांड्यांना मिळते ते तुमच्या घरी जरा विचारून पाहा.

पुढे त्यांचा मुलगा शेखर मोर्शीच्या शाळेत शिक्षक झाला. त्याचं लग्न झालं, तेल्हाऱ्याची वर्षाली सून म्हणून घरात आली आणि शेखरने नॉनस्टिक भांड्यांचा संच आणला. "नव्या सुनेच्या घरात हे काळं भांडं बरं दिसते काय, माय?" असं म्हणून त्याने मला गोठ्यात नेऊन ठेवलं. गाईची सरकीची ढेप माझ्यात भिजू लागली. गाईवर माझा राग नाही, तिलाही खायला लागतंच. पण लोखंडात दिवसदिवस पाणी ठेवायचं असतं का? मी गंजले. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

भाद्रपदात आंबिया बहाराच्या फांद्या फळांनी वाकल्या होत्या. त्यांना बांबूचे टेकू लावताना वामनराव शिडीवरून पडले आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं. प्लास्टर घालून ते घरी आले आणि मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, फळं न्यायची. पण संत्रावाल्याच्या घरी संत्री नेणं म्हणजे त्याची थट्टा. म्हणून जो येई तो सफरचंद घेऊन येई. तेल्हाऱ्याचे व्याही आले, सफरचंद. शेंदूरजनाघाटचे व्यापारी आले, सफरचंद. भजनी मंडळ आलं, त्यांनी तर सफरचंदांची पेटीच आणली. आठ दिवसांत कोनाड्यात, टोपलीत, देवघराशेजारी, जिकडे पाहावं तिकडे सफरचंदं झाली.

आणि वामनराव त्यांना हात लावायला तयार नव्हते. "म्या जनमभर संत्रं पिकोलं. अन् आता सफरचंद खाऊ? ते दवाखान्यातलं फळ हाये. गाईले टाका." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजत. दुखण्याने त्यांची भूकच गेली होती. दोन घास खाल्ले की ताट सरकवून द्यायचे. पार्बताबाई बाहेरून त्यांच्याशी भांडत असे, पण आतून ती घाबरली होती. माणूस खाईल तर हाड जुळेल, एवढंच तिला ठाऊक होतं.

सफरचंदं मऊ पडू लागली. तेव्हा रविवारी सकाळी तिने ठरवलं की त्यांच्या चकत्या गुलगुल्याच्या पिठात बुडवून भजे करायचे. तळलेलं वामनराव कधी नाही म्हणाले नव्हते. तिने नॉनस्टिक भांडं पाहिलं. ते इतकं उथळ की त्यात चकती बुडेल एवढं तेल मावेना. ती तडक गोठ्यात आली, माझ्यातली ढेप तिने गाईपुढे ओतली आणि मला उचललं.

"माय, हे कावून आणली?" शेखर म्हणाला. "म्या किशोरले सांगून ठेवलं हाये. तो आज भंगार न्याले येऊन राहिला."

"येऊ दे," ती म्हणाली.

तिने मला चिंच आणि विटेच्या भुकटीने घासलं. गंज निघाला. शेगडीवर तापवून तिने तेलाचा हात फिरवला, पुन्हा तापवलं, पुन्हा फिरवला. मित्रांनो, किती दिवसांनी माझ्या अंगाला तेल लागत होतं! मी मनाशी म्हटलं, आता दाखवतेच.

पण मंडळी, पहिला घाणा साफ फसला. पार्बताबाईने सफरचंदं सोलली, बिया काढून चकत्या केल्या आणि त्या मिठाच्या पाण्यात टाकल्या. वांग्याच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून टाकतात ना, अगदी तशा. जन्मभराची सवय. मग त्या निथळत्या चकत्या तिने पिठात बुडवून तेलात सोडल्या. तेल तडतडून ओट्यावर उडालं, पीठ चकत्यांवरून घसरलं आणि माझ्या बुडाला जाऊन करपलं. वर सफरचंदाच्या नागड्या चकत्या तरंगत राहिल्या.

"पाह्यलं?" शेखर म्हणाला. "बुडाले लागून राहिलं सारं. कामातून गेली हे कढई. किशोर आला का देऊन टाकू."

नाचता येईना, अंगण वाकडं! पीठ पातळ झालं पाण्याने, आणि बोल कुणाला? मला. तोंड असतं तर मी त्या मास्तराला तिथेच चार शब्द सुनावले असते. झारा हातात धरून पार्बताबाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला शंका दिसली. त्या क्षणी मी खरंच भ्यायले. तिनेच मला टाकलं असतं तर माझी बाजू घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात वर्षाली हळूच म्हणाली, "आई, कढईचं काही नाही. फोडीले पानी हाये. पुसून घ्या न."

वर्षभरापूर्वी आलेली सून, तळण्यात उभा जन्म गेलेल्या सासूला शिकवत होती! मला वाटलं, आता इथे वेगळाच भडका उडतो. पार्बताबाईने चकती उचलली, बोटांत दाबली. पाणी मनगटावर ओघळलं.

"अवो माय," ती म्हणाली, "म्या याले वांगंच समजून राहिली व! आन तो फडका."

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. एकीने चकत्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने कोरड्या केल्या, दुसरीने त्यांना कोरडी कणीक चोळली. नवं पीठ घट्ट कालवलं: कणीक, गुळाचं पाणी, बडीशेप. करपलेलं खरवडून त्यांनी मला पुसून घेतलं आणि ताजं तेल ओतलं. पिठाचा थेंब टाकून पाहिला, तो बुडाला आणि लगेच वर आला. आच मध्यम केली, कारण गुळाचं पीठ फार लवकर काळं पडतं. मग पहिली चकती सुटली.

मी तिला धरून ठेवलं नाही. ती फुगली, आपणहून उलटली, तांबूस झाली. दुसरी सुटली, तिसरी सुटली. बडीशेपेचा वास माजघरात गेला आणि वामनरावांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

वर्षाली बशी घेऊन गेली. त्यांनी एक खाल्ला, मग दुसरा, मग चौथा. "बरे झाले गुलगुले," ते म्हणाले. "आत कायचं हाये ते मले सांगू नोको. अजून आन."

पार्बताबाईने हे ओट्यापाशी ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मग सुनेला म्हणाली, "पायतं काय? सोड न दुसरा घाणा." वर्षालीने चकत्या सोडल्या, आणि नेमका तेव्हाच किशोर भंगारवाला काटा आणि पोतं घेऊन दारात उभा राहिला.

"शेखरभाऊ, कढई देता न?"

शेखरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात भजा होता. पार्बताबाई वळलीसुद्धा नाही.

"हाये न, हे काय इथी," ती म्हणाली. "उचल. तेलासकट उचल."

किशोर दोन पावलं मागे सरला.

"नाही उचलत? मंग आइक. मी हाये तवरिक हे कढई कुठी जात नाही. अन् माह्यानंतर वर्षालीले इचारजो, शेखरले नाही."

किशोर दोन भजे खाऊन रिकामं पोतं खांद्यावर टाकून गेला. दुपारी वर्षालीने मला धुतलं, लगेच कोरडं केलं, तेलाचं बोट फिरवलं आणि ओट्यावरच्या खुंटीला टांगलं.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूंनी हात जोडून विनवणी करायची असते म्हणे. मी करणार नाही. मी मागते ते माझ्या हक्काचं. मला पाण्यात भिजत ठेवू नका, धुतलं की पुसा, पुसलं की तेल लावा, आणि काम बिघडलं तर दोष द्यायच्या आधी स्वतःचे हात पाहा. एवढं केलंत तर तुमच्या नातवंडांनाही मी तळून घालीन. आणि तरीही कुणाला मला उचलून न्यायचंच असेल, तर त्याने खुशाल यावं. शेगडी पेटलेली आहे.