आरसेमामांच्या गाडीची चाकं

ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर त्यांना सगळे आरसेमामा म्हणत. खरं नाव कधीच मागे पडलं होतं. सुट्टीच्या सकाळी बाकीचे ड्रायव्हर झोपा काढायचे तेव्हा हे बनियनवर, उकिडवे बसून, ट्रकच्या चाकांना पॉलिश घासत असायचे. क्रोमची चाकं, पुढची जाळी, बंपर, दारांच्या कड्या, सगळं इतकं लख्ख, की शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर त्यात बघून दाढी उरकायचा. "माझ्या तोंडाकडे एवढ्या वेळा बघितलं असतं तर..." असं त्यांची बायको म्हणायची आणि वाक्य तिथंच सोडून द्यायची.

कंबर धरायला लागली तेव्हा त्यांनी गाडी धाकट्या मुलीच्या हवाली केली. धाकटी गाडी उत्तम चालवायची. रोपवाटिकेतून झाडं आणि कुंड्या भरून दुकानादुकानांत पोचवायची, आणि कुंडी फुटल्याची तक्रार कधी आली नव्हती. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली.

"माझ्या क्रोमला रंग लावायचा नाही."

धाकटीने लगेच मान डोलावली, कारण किल्ली अजून त्यांच्याच मुठीत होती.

पण गाडी ती चालवायची आणि नाव चालायचं बाबांचं. सिग्नलला थांबली की शेजारचा स्कूटरवाला वाकून चाकात भांग पाडायचा. माल उतरवायला गेली की हमाल ओरडायचे, "आली रे आरशांची पोरगी!" सुट्टीची सकाळ तर तिचीसुद्धा पॉलिश घासण्यात जायची, कारण वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाबांचं लक्ष असायचं. "डावीकडे राहिलं," असा आवाज वरून यायचा. डावीकडे कधीच काही राहिलेलं नसायचं.

"मला काळी चाकं हवीत," एकदा ती नवऱ्याला म्हणाली. "अजिबात न चमकणारी."

तिचा नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या तळमजल्यावरच त्याची कामाची खोली होती, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले असायचे. आरसेमामांच्या तोंडातली कवळीही त्याच्याच हातची.

"बाबांना शब्द दिलायस तू," तो म्हणाला.

"रंगाचा दिलाय."

ही फट त्याला आवडली. दुसऱ्या दिवशी तो गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून स्प्रेचे डबे घेऊन आला. "हा रंग नाहीच. रबर आहे. फवारायचं, वाळलं की साल धरते. नको झालं की सोलून काढायचं. खालचं क्रोम जसंच्या तसं."

"म्हणजे अट मोडत नाही?"

"मोडत नाही गं. अटीला फक्त टोपी घालतोय."

संधी लवकरच आली. आईबाबा थोरलीकडे राहायला गेले. त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली तोच धाकटीने पाण्याचा पाइप सोडला.

चाकं धुतली, तेलकटपणा काढला, कोरडी केली. टायरवर रबर उडू नये म्हणून टायर आणि चाकाच्या फटीत चहूबाजूंनी पत्ते खोचायचे होते. आईचा पत्त्यांचा कॅट कामी आला. मग तोंडाला फडकी बांधून दोघं बसले. डबा हलवला की आतली गोळी खडखडायची. पहिला हात विरळ, मग त्यावर जाड, आणखी जाड. चाकांचं काम धाकटीने केलं आणि सढळ हाताने केलं. जाळी नवऱ्याकडे होती. त्याने कवळीला हात लावावा तसा नाजूक, पातळ थर दिला आणि मान तिरपी करून बघत राहिला.

"संपेल म्हणून भितोस का?" धाकटीने विचारलं.

"जाड थर म्हणजे गावंढळ काम."

"जबडा नाहीये तो. जाळी आहे."

संध्याकाळपर्यंत गाडी ओळखू येईना. चाकं काळीभोर, मखमलीसारखी. धाकटी चार पावलं मागे जाऊन बघत होती, पुन्हा पुढे येऊन बघत होती. पहिल्यांदाच त्या चाकांत तिला दुसऱ्या कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

आठवडासुद्धा सरला नव्हता, तेवढ्यात आईचा फोन आला. "आम्ही येतोय. पोचतोच आहोत. थोरलीच्या कुत्र्याने ह्यांची कवळी चावून ठेवलीय."

"किती चावलीय?" जावयाने धंद्याच्या सवयीने विचारलं.

"कुत्रं आता ह्यांच्यापेक्षा छान हसतंय," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दोघं अंगणात धावले. आधी जाळीच सोलायला घेतली, कारण फाटकातून ती समोर दिसायची. पण पातळ थर सोलला जातो कुठला? नखाएवढे तुकडे निघत होते. खोडरबराचा चुरा पडावा तसा सगळा चुरा खाली पडत होता.

"गावंढळ काम केलं असतं तर आत्तापर्यंत सुटलो असतो," धाकटी पुटपुटली.

तेवढ्यात फाटक वाजलं.

आरसेमामा आत आले, आणि हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. गाडीला पूर्ण एक फेरी मारली. जाळी अर्धी काळी, अर्धी चमकती, एखाद्याची दाढी अर्धीच करून न्हावी निघून गेल्यासारखी. ते मुलीकडे वळले आणि गरजले. त्यांना 'सत्यानाश' म्हणायचं होतं. बिनदातांच्या तोंडातून बाहेर पडलं ते 'फत्यानाफ'.

कुणीच हसलं नाही. सगळ्यांत जास्त कष्ट आईला पडले.

"बाबा, हा रंग नाही," धाकटी घाईघाईने म्हणाली. "रबर आहे. निघतं हे."

"फगळं?"

"सगळं. हे बघा." तिने पुढच्या चाकाची कड नखाने उचलून त्यांच्या हातात दिली.

आरसेमामांनी ती चिमटीत धरली आणि रागारागाने ओढली. जाड थर सुर्रकन सुटत गेला, चाकाच्या गोलाईवरून वळत, नटांवरून टप टप उठत, आणि अख्खंच्या अख्खं काळं चाक त्यांच्या हातात लोंबायला लागलं. खालचं क्रोम नव्यासारखं चमकत होतं. मामांनी हातातल्या सालीकडे बघितलं. मग चाकाकडे बघितलं. कपाळावरची आठी एकदम नाहीशी झाली.

"दुफरं कुठंय?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर ते कुणाला हात लावू देईनात. जावई मदतीला वाकला तर त्यांनी कोपराने बाजूला सारलं. कंबर, वय, कुत्रं, सगळं विसरून ते एकेका चाकापाशी बसकण मारत होते आणि सालं काढून फाटकाच्या दांडीवर वाळत घालत होते.

"जावईबापू," आई हळूच म्हणाली, "नव्या कवळीची काही घाई नाही हं. घर किती शांत आहे."

शेवटचं चाक सोलून झालं आणि मामांना करायला काही उरलं नाही. तेव्हा कुठे त्यांनी मुलीला विचारलं, की हे केलं तरी का. (इथून पुढचं त्यांचं बोलणं दात घालून सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल होतील.)

धाकटी म्हणाली, "बाबा, लोक मला हाक मारत नाहीत. तुमच्या चाकांना मारतात. एवढी वर्षं गाडी चालवतेय. कुणी विचारत नाही, पोरी, वळण कसं घेतलंस. विचारतात, पॉलिश कुठलं वापरतेस."

"मग मला सरळ विचारायचंस की."

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. निदान भांडण तरी झालं असतं. तू चोरून केलंस याचं वाईट वाटतंय मला. क्रोमचं एवढं नाही." मग सोललेल्या चाकावरून हात फिरवत म्हणाले, "क्रोमचंही वाटतंय थोडं."

धाकटीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिने नाक पुसलं ते रबर पुसलेल्या फडक्यानेच, त्यामुळे नाक काळं झालं, आणि हे आईने दुसऱ्या दिवशीपर्यंत तिला सांगितलं नाही.

सकाळी मामा उठल्या उठल्या खाली आले आणि जावयाला म्हणाले, "डबे किती उरलेत? नीट करू. अर्धवट काम माझ्या अंगणात नको."

या वेळी मामा खुर्ची टाकून बसले. पत्ते त्यांनी स्वतः खोचले. जावयाच्या हातात डबा गेला की ते म्हणायचे, "जावईबापू, दात घासताय का? मारा की मोकळ्या हाताने!" कडेला लावलेली चिकटपट्टी थर ओला असतानाच ओढायची, वाळल्यावर ओढली तर कड फाटते, हे जावयाने समजावलं. मामांनी ते मान हलवत ऐकलं आणि लगेच धाकटीला स्वतःचं म्हणून सांगितलं. जाळी तेवढी उरलेलं रबर खरवडून चमकतीच ठेवली. तसं बापलेकीने आपसात ठरवलं, भांडून.

पुढच्या आठवड्यात नवी कवळी बसली. त्याच दिवशी मामा, उगाच, काही काम नसताना, धाकटीबरोबर गाडीत बसून निघाले. अड्ड्यापाशी जुने सोबती गोळा झाले. "मामा, आरसे विकले की काय?"

"झाकून ठेवलेत," मामा खिडकीतून म्हणाले. "तुमची तोंडं बघून बघून खराब व्हायला लागले होते." मग अंगठ्याने शेजारी दाखवत म्हणाले, "गाडी हिची आहे. काय विचारायचं ते हिला विचारा."

एकाने विचारलं, "एवढ्या अरुंद गल्लीतून ही लांबडी गाडी उलटी कशी काढतेस गं?"

धाकटीने सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. मामा मध्ये दोनदा बोलायला गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी ओठ मिटून घेतले.

मग तिने गाडी रस्त्यावर काढली. पुढे उतार होता. आयुष्यात पहिल्यांदाच मामा स्टिअरिंग नसलेल्या बाजूला बसले होते. त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला.

"बाबा, तिकडे ब्रेक नाही."

"माहीत आहे मला," मामा म्हणाले, आणि पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा दाबला.