मनोऱ्यासाठी घेतलेला हार

सकाळी राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये सेतुमाधव जे बोलून बसला, ते चपलेत शिरलेल्या खड्यासारखं दिवसभर त्याला टोचत राहिलं.

तमिळ मुलखातल्या मराठी राजांच्या त्या राजवाड्यामागच्या गल्लीत जन्मलेला सेतुमाधव पाहुण्यांना इंग्रजीतून आणि तमिळमधून गाव दाखवत चाळिशीला आला होता. पण सातारा-कऱ्हाडकडच्या मराठी प्रवाशांची अख्खी बस त्याच्या वाट्याला आज प्रथमच आली होती. आपल्या भाषेत आपलं गाव दाखवायचं, या ओढीनं तो आठवडाभर आतल्या आत पेटलेला होता. आणि सकाळी दरबारातल्या रंगीत खांबाला पाठ टेकून त्या बसमधले सुरेंद्रराव नावाचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुमच्या सरफोजी राजांनी केलं काय? किल्ल्यात बसून पेन्शन खाल्ली नि पुस्तकं जमवली!"

मंडळी खदखदून हसली. सेतुमाधवची कानशिलं तापली.

"विजयही मिळविला आहे त्यांनीं," तो बोलून गेला. "इंग्रजांवर. समुद्रावर. सांजेला पाहालच, त्या विजयाचा आठ मजली मनोरा उभा आहे अजून."

हसू जागच्या जागी विझलं. कऱ्हाडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. त्यांचे डोळे भरून आले. बस सुटण्यापूर्वी त्या फुलबाजारात गेल्या आणि संपंगीचा, म्हणजे निशिगंधाचा, भला जाड हार घेऊन आल्या. मनोऱ्याला घालायला.

मनोरा खरा होता. विजयही खरा होता. फक्त तो इंग्रजांचा होता. नेपोलियन पडला, तेव्हा ज्याच्या हाती किल्ल्याबाहेरची वीतभर सत्ताही उरली नव्हती त्या राजानं दोस्तांच्या आनंदाखातर समुद्रकाठी तो बांधला. तिथल्या शिळांवर तसं कोरलेलंच आहे, निरनिराळ्या भाषांत. इंग्रजी शिळा सेतुमाधवनं कितीदा वाचून दाखवली असेल. मराठी शिळेपुढून मात्र तो झटकन पुढे सरके. बाळबोध अक्षरं त्याला येत नव्हती. गल्लीत फारशी कुणालाच येत नव्हती. मराठी घरात बोलायची, लिहायचं ते तमिळ.

बसमधल्या प्रत्येकाला ती येत होती.

"काय रे सेतु," गाडी चालवणारा कृष्णस्वामी, त्याचा गल्लीतलाच शेजारी, समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "हें युद्ध कधीं झालं? मला कळविलंही नाहींस!"

"उगा अस, कृष्णा. गाडी सावकाश ने. अंधार पडल्यावर पोचूं."

"अंधारांत मनोरा दाखवणार? अय्यो! मागें बघ, अस्के जण, झाडून सगळे, खुशींत आहेत. बाई हाराला पाणी शिंपडत आहेत."

वाटेत ओरत्तनाडला सेतुमाधवनं गाडी थांबवायला लावली. सरफोजींनी आपल्या लाडक्या मुक्तांबेच्या आठवणीसाठी बांधलेलं ते छत्रम, वाटसरूंची धर्मशाळा. इथे दमल्या माणसाला अन्न मिळे, आजाऱ्याला औषध, अवघडलेल्या बाईला आसरा. हे सारं खरं होतं, आणि सेतुमाधव ते जीव ओतून सांगत होता; पण मंडळींचं लक्ष घड्याळाकडे.

"जेवणावळी राहू द्या हो," सुरेंद्रराव म्हणाले. "विजय दाखवा! आणि तुमचं मराठी ऐकलं की बखरीतलं पान उठून चालायला लागल्यासारखं वाटतं बघा."

पुन्हा हशा. आता मात्र त्यात माया होती, आणि तीच त्याला सोसवेना.

पट्टुकोट्टैच्या पुढे माडांच्या रांगा विरळ झाल्या. गज नावाच्या चक्रीवादळानं मोडलेले बुंधे अजून शेतांच्या कडेला कुजत होते. खिडकीतून खारट वारा आला; समुद्र जवळ आला होता. चुकलं म्हणावं? तोंड उघडावं तर सगळी बस घोषणा देत होती.

मनोरा आला तेव्हा ऊन चांगलं लख्ख होतं. त्याच्यामागे लाटा नसलेला समुद्र, कुणीतरी श्वास रोखून धरावा तसा.

"आधीं पाण्याकडे चलूं," तो घाईनं म्हणाला. "उजेड आहे तोंवर..."

पण बाईंना शिळा दिसली होती. हार हातांवर तोलत त्या थेट तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, पहिल्या अक्षराखाली बोट धरलं आणि वर्गात वाचावं तशा खड्या आवाजात वाचू लागल्या.

सेतुमाधव त्यांना अडवायला धावला आणि दोन पावलांवर थबकला. दगड बोलत होता. ज्या बोलण्याचं दिवसभर हसू झालं ते, त्याच्या अप्पांचं, त्याचं स्वतःचं बोलणं, आणि ते बोलत होता राजा. इतकी वर्षं तो या आवाजाशेजारून बहिऱ्यासारखा गेला होता. तो आणखी जवळ सरकला.

इंग्रजांच्या जयापाशी बाईंचा आवाज अडखळला. बोट थांबलं.

"वाचा की," सेतुमाधव म्हणाला. "पुढें वाचा. मला वाचतां येत नाहीं."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. सुरेंद्ररावांनी पुढे होऊन उरलेल्या ओळींवरून नजर फिरवली. "विजय इंग्रजांचा?"

"इंग्रजांचा."

"आणि सकाळी सांगितलंत ते?"

"लटकें. तुम्ही हसलांत, मला सोसलं नाहीं."

"वा! आम्ही हजार मैलांवरून आलो, हे ऐकायला?" त्यांनी खिशातून फोन काढला. "सहल कंपनीला सांगतो. पुढच्या बसला दुसरा माणूस बघा म्हणावं." आणि ते पाण्याच्या दिशेनं चालू लागले. मंडळी एकेक करून त्यांच्यामागे पांगली. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

बाई तेवढ्या राहिल्या. हार त्यांच्या हातात लोंबत होता. एका टोकाच्या पाकळ्या गळून पायरीवर पडल्या होत्या.

"मी हा रस्ताभर भिजवत आणला," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. "आता कुठे घालू?"

पलीकडे कृष्णस्वामीनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला.

बाईंनी शिळेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "शेवटपर्यंत ऐकायचंय तुम्हाला?"

त्यानं मान डोलावली.

"मग धरा हा. मला बोट मोकळं लागतं." ओला, जड हार त्यांनी त्याच्या दोन्ही हातांवर टाकला, चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.