आडवे आणायचे, उभे पाठवायचे

परदेशीपुऱ्याच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मिल बंद पडल्यापासून गड्यांना काम नव्हतं, सगळे तिथेच लोटलेले. मांडवात खाटेवरून माणूस यायचा. झटकाबाबा त्याची मान दोन्ही हातांत धरून कटकन फिरवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "दर्द तेरा नहीं, पिछले जनम का है. छोड़ दे." की तो उठून चालायला लागे. बायका रडायच्या, नारळ फुटायचे.

शेजारच्या गंगूबाईचा लक्ष्मण असाच उठला होता. तेव्हापासून नळावर बायका तिची बादली आधी लावू द्यायच्या. जळले मी, खोटं कशाला बोलू? मिल गेल्यावर तिचा लक्ष्मण आणि माझा दिवाकर ट्रकवर पोती चढवायचे. थप्पी कोसळली ती दोघांवर. तिचा आता सायकल चालवतो. माझा दवाखान्यात, कवटीला दोन बाजूंनी चिमटा, चिमट्याला दोरी, दोरीला वजन. पायांत जीव नाही, बोटं तेवढी हलायची.

मंजिरी डॉक्टरीण समजवायची, की मानेचं हाड सरकलंय, वजनाने हळूहळू जागेवर येईल. त्या हाडातून जाड नस जाते, तिच्यावर हातपाय चालतात. तोवर मान हलली तर ती चिरडेल, आहेत ती बोटंही जातील. मला वाटायचं, या कालच्या पोरीला काय कळतंय? गंगूबाईला देव आणि मला वजनं?

दुसऱ्या दिवशी दिवाकरला उचलून बाबांकडे न्यायचं ठरवलं. टेम्पोही सांगितला. दवाखान्याच्या फरशीवर झोपून माझीही मान धरली होती. म्हटलं, आज आधी आपली दाखवू, मग उद्या पोराची.

मैदानाच्या फाटकावर बाबांच्या सेवकाने खाट पुढे केली. "माँजी, लेट जाओ."

"मी चालत आलेय भिया. पाय धड आहेत माझे."

"नियम है. बाबा के सामने सब लेटके ही जाते हैं."

माझ्या पुढचे धोतरवाले गृहस्थ चपला पोटावर घेऊन मुकाट्याने आडवे झाले. मीही झाले. चौघांनी खाट उचलली. मांडवात शिरताच कोणीतरी हळहळलं, बिचारी किती वर्षं अंथरुणाला खिळलीय कोण जाणे. बाबा वाकले. तोंडाला विड्याचा वास.

"माता, कब से नहीं चली?"

"फाटकापासून," म्हटलं आणि त्यांचा हात मानेला लागायच्या आत उठून बसले.

मी लोकांना विचारलं, आज बरे झालेल्यांपैकी फाटकापर्यंत आपल्या पायांनी कोण कोण आलं? आधी ते धोतरवाले उभे राहिले. मग एकेक हात वर होत गेला. बाबा म्हणाले, माता पर साया है, म्हणजे मला भुताने धरलंय. कोणी नारळ फोडला नाही.

गंगूबाई समोरच होती. विचारलं, "लक्ष्मण कसा आला होता गं?"

"टेम्पोतून उतरून, चालत. मान लचकली होती नुसती."

"मग बोलली का नाहीस?"

"आजवर अडीअडचणीला चाळ तुझ्या दारात यायची, ताई. पहिल्यांदा माझ्या दारात आली."

म्हणजे तीही जळतच होती. लचकलेली मान आपोआप बरी होते, नाव बाबांचं होतं. आणि खरंच हाड मोडलेला? देपालपूरचा एक जण आडवा आला, झटका खाऊन आडवाच गेला, मागच्या वाटेने. हे सेवकानेच नंतर कबूल केलं.

मी टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. दिवाकर अजून वजनाखाली आहे. लक्ष्मणची सायकल दिसली की अजून पोटात दुखतं माझ्या. दुखू दे. पोराची मान मी हलू देणार नाही.

बायांनो, भावांनो, मानेला मार लागलेल्याला उठवून बसवू नका, चोळू नका, झटका तर मुळीच देऊ नका. डोकं धडाच्या रेषेत धरा, सरळ फळीवर घ्या आणि दवाखाना गाठा. आणि कोणी चमत्कार दाखवत असेल तर मांडवात बसून बघू नका. फाटकावर उभे राहा आणि माणसं तिथवर कशी येतात ते बघा.