नागोजीच्या हॉटेलामागची गंगा

एकोणीसशे चौतीस सालच्या चैत्रात निपाणीत गंगा अवतरली. तीही कुठं, तर मोटारस्टँडसमोर, नागोजीच्या चहाच्या हॉटेलामागं! तिथल्या भिंतीच्या पायातल्या दोन दगडांच्या फटीतून पाणी पाझरू लागलं आणि चिकोडी-संकेश्वरपासून माणसांची रीघ लागली. भस्म फासलेला गंगागिरीबुवा पळीपळीनं तीर्थ वाटत होता.

"नाक दाबू नगंस, माय! ह्यो पाताळातल्या गंधकाचा सुगंध हाय. वास जेवढा उग्र, तेवढं पाप जळतंय बघ!"

लोक वास हुंगून माना डोलवत होते. पापं जळत होती.

मुलींच्या शाळेतल्या कल्याणीबाईंना हे बघून संताप येई. त्या मूळच्या बेळगावच्या. इथं यल्लाप्पाच्या घरी खोली घेऊन राहत. यल्लाप्पाच्या तीन वर्षांच्या मुलीला खोकला होता, म्हणून तिच्या आईनं, मालुबाईनं, चार दिवस तीर्थ पाजलं. खोकला राहिला जागेवर आणि वर हगवण लागली. पोरीचे डोळे खोल गेले.

"मालुबाई, ते पाणी बंद करा."

"आसं बोलू नगा, बाई. बुवा म्हनला, पोटातली पीडा भाईर पडतीया."

बाजारादिवशी कल्याणीबाई भिंतीजवळ बसून राहिल्या. मोटार आली की उतारू आधी हॉटेलच्या संडासाकडं पळत आणि घटकाभरानं भिंतीचं पाणी वाढे. "भक्त आलं की गंगेला भरतं येतंय!" बुवा ओरडे. बोलणं खरं होतं. भक्त काय अर्पण करून येत होते, तेवढं तो सांगत नव्हता.

कल्याणीबाई पदर नाकाला लावून संडासात गेल्या. दाराला कडी नव्हती, पाय ठेवायला जागा नव्हती, माश्यांनी भिंत काळी झालेली. बाहेर मात्र 'उत्तम सोय' अशी पाटी! खड्डा कधी उपसल्याचं कुणाला आठवत नव्हतं, तरी तो भरून वाहत नव्हता. संडास उंचवट्यावर होता आणि उतार थेट त्या भिंतीकडं जात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगडी रंगवायचा तांबडा रंग दोन बादल्या पाण्यात कालवून खड्ड्यात ओतला. थोड्या वेळात भिंत तांबडी झाली. त्या तोंड उघडणार, तोच बुवानं टुणकन उडी मारली.

"रगत! देवीचं रगत!"

गर्दी आडवी पडली. बायकांनी ते तांबडं पाणी कपाळाला लावलं. "अहो, रंग मी ओतलाय!" असं कल्याणीबाई ओरडल्या, तर लोक त्यांच्याच अंगावर धावून आले. चोराच्या हाती आपणच नवा चमत्कार दिला, या विचारानं त्या चडफडत घरी आल्या.

यल्लाप्पा पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"उद्या हिरवा रंग ओतायचा," कल्याणीबाई म्हणाल्या, "पण आधी सगळ्यांना सांगून."

"मीच वततो, बाई."

सकाळी यल्लाप्पा बादली घेऊन हॉटेलच्या बाकावर चढला. "ह्यो हिरवा रंग. म्या नागोजीच्या संडासात वततोय. बगायचं त्येनी संगं या!"

"संडास बंद हाय!" नागोजी आडवा आला.

"कवापास्नं रं?"

चारपाच जण यल्लाप्पाबरोबर गेले. बाकीचे भिंतीजवळ थांबले. बुवाचा मंत्र उगाच मोठा झाला. मग फटीतून हिरवी धार आली.

एक म्हातारा कडेला जाऊन भडाभडा ओकला.

"देवीचं रगत हिरवं कवा झालं, बुवा?" यल्लाप्पानं विचारलं. मालुबाई पुढं आली, तिनं पळी भरून बुवाच्या तोंडासमोर धरली. "माज्या पोरीला चार दिस पाजलंस. तू येक पळी पी."

बुवानं पळीकडं बघितलं, झोळी उचलली आणि सुटायच्या बेतात असलेली मोटार गाठली.

सरकारी डॉक्टरांच्या औषधानं पोरगी महिन्याभरानं उठून बसली. तीर्थ प्यालेले दोघे म्हातारे मात्र गेले. नागोजीला लोकांनी उभं करून खड्डा बुजवायला लावला. "मला ठावं नव्हतं," तो गयावया करू लागला.

"ठाऊक करून घेतलं नाही," कल्याणीबाई म्हणाल्या. "आणि मंडळी, तुम्हीही कुणी करून घेतलं नाही. देवाला नमस्कार करा, कोण नको म्हणतंय? पण पाणी तोंडाला लावायच्या आधी ते येतं कुठून, एवढं विचारा. विचारल्यानं कुठल्याच देवाचा कोप होत नाही."

"आन् जो इचारू देत न्हाय," मालुबाई म्हणाली, "त्येच्या हातचं कायबी घिऊ नगा."