तिसरा आकडा

माझ्या ताईच्या कामाच्या खोलीत एका वेळी एकच माणूस आत जातो. ताई कवळ्या आणि कृत्रिम दात बनवते. साचा घेताना, दात बसवून बघताना दार आतून बंद असतं. सोबत नवरा आला असला तरी त्याने बाहेरच्या बाकावर बसायचं. "दात नसलेलं तोंड माणूस घरच्यांनाही दाखवत नाही," असं ती म्हणते, आणि चाळीस वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडलेला नाही. तो मी मोडला. घरबसल्या, खुर्चीत टेकून, चहा पीत.

मी ग्रंथपाल होतो. आमच्या ग्रंथालयात पूर्वी प्रत्येक कपाटाला कुलूप असायचं. ती सगळी कुलुपं मी भांडून काढायला लावली आणि वाचकांना थेट पुस्तकांपर्यंत जाऊ दिलं. आयुष्यात अभिमान बाळगावा असं तेवढंच एक काम. निवृत्त झाल्यावर ताईचा संगणक सांभाळायचं मी अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण न सांगता अंगावर घेण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

ताईची वेबसाइट तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, बनवलेली. लांबचे लोक त्यावरून तोंडाचे फोटो पाठवतात: समोरून, डावीकडून, उजवीकडून, ओठ बोटांनी वर ओढून. एके दिवशी फोटो यायचे बंद झाले. भाची विमानात होती, तिचा फोन लागत नव्हता.

"ती उतरली की बघेल," ताई म्हणाली.

"एवढ्याशा कामाला तिला कशाला त्रास? मी आहे ना."

सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला तीन आकडे असतात, हे मी त्या दुपारी शिकलो. पहिला आकडा मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचायची परवानगी म्हणजे चार, लिहायची दोन, आणि फाइल चालवायची किंवा फोल्डरच्या आत शिरायची एक. ज्याला जे द्यायचं त्याची बेरीज करायची. तिन्ही दिलं की सात. फोटोंच्या फोल्डरवर ७०० होतं. मालकाला सगळं, बाकीच्यांना शून्य आणि शून्य. ती दोन शून्यं बघून माझ्यातला ग्रंथपाल पेटला. इंटरनेटवर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'चालत नसेल तर ७७७ करून बघा.' मी केलं. खाली 'आतल्या सर्व फाइलींनाही लागू करा' अशी चौकट होती, तिच्यातही खूण केली. अर्धवट कामाची मला मनस्वी चीड आहे.

फोटो तरीही येईनात. तासाभराने कळलं की सर्व्हरवरची जागाच भरली होती. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. मी साइटच्या दोन जुन्या प्रती पुसल्या आणि फोटो यायला लागले. आकडे पुन्हा होते तसे करायचे राहून गेले असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. राहून गेले नव्हते. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणून मीच ते तसे ठेवले. ताईने माझं कौतुक केलं. मी तीन मित्रांना फोन करून सर्व्हर कसा दुरुस्त केला ते सविस्तर ऐकवलं.

बाविसाव्या दिवशी ताईला एका बाईंचा फोन आला. बाई दुसऱ्या गावच्या शाळेत कविता शिकवतात. अपघातात त्यांचे पुढचे सहा दात गेले होते आणि ताईने दोन महिन्यांपूर्वी नवे बसवले होते. वर्गातल्या मुलींनी सहज म्हणून इंटरनेटवर बाईंचं नाव टाकलं, तर पहिला आला तो त्यांनी ताईला पाठवलेला, दात नसलेल्या तोंडाचा फोटो. फाइलला त्यांचंच नाव होतं. मधल्या सुट्टीपर्यंत तो शाळाभर झाला.

ताईने लगेच मुलीला फोन लावला. स्पीकर चालू होता. "तुझ्या त्या साइटने माझी अब्रू घालवली! कशाला असलं काही करून दिलंस मला?" ती रडत रडत बोलत होती. मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "आजकालच्या मुलांना घाई फार."



भाचीने तिकडून साइट उघडली. "आई, फोटोंचं फोल्डर अख्ख्या जगाला उघडं आहे. मी ७०० ठेवलं होतं, फक्त आपला प्रोग्रॅम आत जायचा." मग तिने मला विचारलं, "मामा, तू काही बदललं होतंस का?"

"मी? मी फक्त जागा मोकळी केली."

"असेल मग," ती म्हणाली. "माझ्याकडूनच राहिलं असेल." दहा मिनिटांत तिने आकडे बदलले, फोटो शोधातून काढायचा अर्जही केला. आईची बोलणी मात्र आणखी अर्धा तास खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाईंच्या घरी निघाली. मी तिच्याबरोबर गेलो. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात मुलींच्या निबंधाची एक वही होती आणि ती त्यांनी तोंडासमोर धरली होती. आम्ही बसलो.

"बाई, माझ्या मुलीच्या हातून चूक झाली," ताई म्हणाली. "तिच्या वतीने मी माफी मागते." आणि माझ्या म्हाताऱ्या बहिणीने हात जोडले. मला माझीच किळस आली.

"भाचीची नाही," मी म्हणालो. "माझी चूक." आकडे, चौकट, बावीस दिवस, सगळं सांगितलं. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. "पोरीला मी काय काय बोलले," एवढंच ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"म्हणजे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, असंच ना?" बाईंनी वहीमागून विचारलं.

हो म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं. पण एक गोष्ट मी हे लिहितानाही आतापर्यंत लपवली आहे. त्या दुपारी आकडे बदलल्यावर काय फरक पडतो ते बघायला मी एका फोटोचा पत्ता माझ्या फोनवर टाकला होता. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. फोटो सरळ उघडला, आणि मी खूश झालो.

"आलं होतं लक्षात," मी म्हणालो. "मी उघडून बघितला तो फोटो तुमचाच होता. पासवर्डशिवाय कसा उघडला, असं माझ्या मनात आलंही. पण काम झालं होतं. मी तो विचार सोडून दिला."

ताई मघापासून त्या वहीकडे बघत होती. शेवटी न राहवून ती पुढे सरकली. "बाई, दात सैल झालेत का? टोचतायत कुठे? मी पेटी आणलीय, आत्ता बघते."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "दात अगदी छान बसलेत."

वही त्यांनी खाली घेतली नाही.