झारीची हिरवी सवत

मित्रांनो, एकोणीसशे एकाहत्तर साली आमच्या घरात दोघीजणी नव्याने आल्या. एक धाकटी सून आणि दुसरी, तिच्या भावाने तिला दिलेली हिरवी रबरी नळी. मी पत्र्याची झारी, तेव्हाच जुनी झाले होते. आज माझ्या बुडाला भोक आहे, चोच वाकडी आहे, पण ते वर्ष मला कालच्यासारखे आठवते. त्या वर्षी मी जितकी जळले, तितकी मला घडवणाऱ्या कारागिराच्या शेगडीवरही भाजले नव्हते.

माझा जन्म तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांतून झाला. घरातल्या थोरल्या सुनेने ते डबे घासून पुसून ठेवले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर पत्र्याचे काम करणारा कारागीर बसे, त्याच्यापुढे तिने ते नेऊन ठेवले.

"बाई, नवी झारीच घ्या की," तो म्हणाला.

"आणि हे डबे काय डोक्यावर घालू? कापा, जोडा. चोच तेवढी लांब ठेवा. वाकून वाकून कंबर जाते माझी."

त्याने कातरीने पत्रा कापला, डाख देऊन सांधे जोडले आणि खिळ्याने माझ्या तोंडाला बारीक भोके पाडली. माझ्या एका कुशीवर तेलाच्या डब्यावरचे अर्धे सूर्यफूल तसेच राहिले. त्यामुळे थोरलीची लहान मुलगी, जिला सगळे टिकली म्हणत, मला 'फुलवाली' म्हणू लागली. ती माझ्या धारेखाली नाचायची. मला दुसरे काही नको होते.

आमच्या घरात काहीही फुकट जात नसे. मागच्या दाराशी एक पिंप होते. तांदूळ धुतलेले पाणी, भाज्या धुतलेले पाणी, कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी त्यात जमा होई. त्यातून मला भरायचे आणि परसातल्या वाफ्यांना घालायचे. साली आणि देठ खड्ड्यात जात. थोरलीचा नवरा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो घरी आणी ती रद्दी प्रुफे गुंडाळून थोरली त्यांचे इवलेसे पेले करी आणि त्यांत टोमॅटोची रोपे लावी. टोमॅटो, वांगी, घेवडा, पालक, सगळे घरचे. भाजीवाला आमच्या दारावरून न ओरडताच पुढे जायचा.

पण परसाची खरी शान म्हणजे दुधीचा वेल. ते बी सासूबाईंच्या आईचे. दरवर्षी एक दुधी वेलावरच राखायचा, त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे कोणी तोडू नये. तो वाळून लाकडासारखा टणक झाला, हलवल्यावर आत खुळखुळ वाजू लागले, की फोडून बी काढायचे आणि सासूबाईंच्या चपट्या डब्यात ठेवायचे. डबा त्यांच्या उशाशी असे. तो पुढे आपल्याकडे येणार, हे थोरलीने मनात कधीच ठरवून टाकले होते. आणि पाणी घालणारी मी, म्हणजे थोडासा माझ्याकडेही.

तेवढ्यात या दोघी आल्या.

धाकटी हसरी होती. ती काही बोलली की सासूबाईंचे पोट हलायचे. थोरलीच्या बोलण्यावर त्या एवढ्या वर्षांत इतक्या हसल्या नव्हत्या. थोरली स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवू लागली. आणि ती नळी! तोटीला लावली की परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत जायची. काम झाले की उन्हात वेटोळे करून आरामात पडायची. तोंडावर अंगठा ठेवला की पाण्याचा पंखा उडायचा आणि त्यात कधी कधी इंद्रधनुष्यही दिसायचे. टिकली आता त्या पंख्याखाली नाचू लागली. मी पिंपाजवळ उभी राहून बघत होते. माझ्या अर्ध्या सूर्यफुलाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"अगं, नळाचं चांगलं पाणी मातीत ओततेस?" थोरली म्हणाली. "पिंपातलं पाणी काय शोभेला आहे?"

"वहिनी, पण किती पटकन होतं! तुमची कंबरही वाचेल."

"माझ्या कंबरेची काळजी तू नको करूस. घरात काय काय वाया जातं, त्याची कर."

हे वाक्य धाकटीला दिवसातून कितीदा तरी ऐकावे लागे. दुधाचे भांडे विसळून ते पाणी मोरीत टाकले, की वाया घालवले. सुतळीचा तुकडा केरात गेला, की वाया घालवला. ती बिचारी हसायची, पण कान लाल व्हायचे. मी मनातल्या मनात म्हणायचे, बरे झाले.

पेरणीच्या सुमारास सासूबाईंनी दोघींना मागच्या पायरीवर बोलावले. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा फारसे दिसत नव्हते. त्यांनी डबा उघडून चाचपला.

"शेवटचं एवढंच बी राहिलंय. मागच्या वर्षीचं उंदरांनी खाल्लं. निम्मं तू लाव, निम्मं ही लावेल. जिचं बी भरेल, तिच्याकडे डबा. मला आता निवडता येत नाही."

"म्हणजे आमची परीक्षा?" धाकटीने विचारले.

"परीक्षा कसली? आंधळीच्या हातून बी सडण्यापेक्षा डोळसाच्या हातात जावं."

थोरलीने मला उचलले आणि माझी कडी इतकी घट्ट धरली, की तिच्या बोटांची पेरे पांढरी पडली. तिच्या मते ही परीक्षा नव्हतीच, अपमान होता. माझ्याही मते.

थोरलीच्या नवऱ्याने मांडव एकच घातला. "दोन मांडवांना लाकूड कुठून आणू? दोन्ही बाजूंनी चढवा," तो म्हणाला. तेव्हा एका खांबाशी थोरलीचे आळे आणि दुसऱ्या खांबाशी धाकटीचे. इकडे मी, तिकडे ती हिरवी सवत.

मित्रांनो, त्या दिवसांत मी इतके काम केले, की तेवढे आयुष्यात कधी केले नाही. सकाळी पाणी, दुपारी पाणी, ऊन उतरल्यावर पुन्हा पाणी. थोरली पेंड भिजवून घाली, शेणखत घाली, राख घाली, आणि धाकटीचा वेल वीतभर पुढे दिसला की परत मला भरी. धाकटीकडे मात्र नळाला पाणी येई तेवढाच वेळ नळी चाले. त्यानंतर ती नुसतीच पडून राही, आणि मी तिच्यासमोरून डौलात भरलेली जाई.

आमचा वेल फोफावला. पाने ताटाएवढी! मांडवाची निम्म्याहून जास्त जागा आम्ही व्यापली. धाकटीच्या बाजूलाही आमची पाने घुसली. संध्याकाळी पांढरी फुले उमलत. सकाळी ती कोमेजून गळालेली असत. फळ काही धरेना.

सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "वेल माजलाय गं. जरा उपाशी ठेव त्याला."

"आई, पाणी कमी पडत असेल," थोरली म्हणाली, आणि तिने मला पुन्हा भरले.

एक फळ धरले, तेही बुडाकडून सडले. तिकडे धाकटीच्या वेलाला पाने थोडी, पण दुधी ऐटीत लोंबू लागले. तिने त्यातला एक हेरून देठाला लाल चिंधी बांधली. थोरलीने दुरून ती चिंधी पाहिली आणि जेवताना दुसरा घास घेतला नाही.

"जेवत का नाहीस?" नवऱ्याने विचारले.

"भूक नाही."

"दुधी तिला धरला आणि उपास तुला?"

"तुम्ही तुमचे खिळे जुळवा!"

आता पुढची गोष्ट नीट ऐका. चिंधीचा दुधी चांगला हातभर झाला, पण अजून हिरवागार होता. एके सकाळी धाकटी विळी आणि ताट घेऊन मांडवाखाली आली. ती स्वतःशीच बोलत होती, "एवढा मोठा दुधी नुसता वाळवायचा म्हणजे सगळा गर वाया. अर्धा भाजीला घेते, अर्धा बियाण्याला ठेवते. वहिनीही म्हणतील, शिकली एकदाची."

थोरली पिंपाशी मला भरत होती. तिने धाकटीचे बोलणे ऐकले. कोवळ्या दुधीत बी कोवळेच असते, ते रुजत नाही, हे तिला ठाऊक होते. एक हाक मारली असती तरी पुरे होते. ती वळली, तिचे ओठ हललेही. मग माझ्यात पाणी पडल्याचा आवाज तेवढा होत राहिला. मी काठोकाठ भरले, सांडले, पण तिच्या तोंडून हाक काही निघाली नाही.

दुपारी धाकटीने अर्ध्या दुधीतले बी मोठ्या कौतुकाने सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. त्यांनी एक बी चिमटीत दाबले. ते लिबलिबीत होऊन फुटले.

"हे काय गं? हे तर पाणीच आहे."

धाकटीला आधी कळेना. मग कळले. वेलावरचे बाकीचे दुधी तर तिने आधीच भाजीला तोडले होते. "मला वाटलं, वाया जायला नको म्हणून..."

सासूबाई रागावल्या नाहीत. त्या पदराला हात पुसत पुसत म्हणाल्या, "माझ्या आईचं बी होतं. जाऊ दे. माणसं जातात, बी पण जाणार," आणि भिंत धरत आत गेल्या. रिकामा डबा पायरीवरच राहिला.

खरे सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. नळीची मालकीण हरली होती. पण थोरली तशीच उभी होती, आणि पायरीवरच्या रिकाम्या डब्याकडे बघत होती.

त्यानंतर तिने मला पाण्यासाठी उचलले नाही. वेल हळूहळू सुकले. थंडी पडली, तेव्हा दोघीजणी मांडव उतरवायला आल्या. आमच्या बाजूची वाळलेली पाने ओढताना थोरलीचा हात कशाला तरी आपटला. पानांच्या जाळीत, कोणालाही न दिसलेला एक दुधी टांगलेला होता. तपकिरी, टणक. तिने हलवला. आत खुळखुळ वाजले.

"आई!" धाकटी ओरडली. "आई, बी आहे! वहिनींच्या वेलाला आहे!"

सासूबाई चाचपडत बाहेर आल्या. दुधी कानाशी धरायला त्यांना खुर्चीवर उभे राहावे लागले, आणि टिकलीने त्यांचा पदर धरून ठेवला. आवाज ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग पायरीवरचा डबा मागवून घेतला.

"घे थोरले. तुझं बी भरलं."

"वहिनी, घ्या ना," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा पडलेला होता, पण ती मनापासून म्हणाली.

थोरली मात्र दुधीच्या देठापासून वेल चाचपत त्याच्या मुळाकडे जात होती. तिची रीतच तशी होती. दुधी ओढून काढायचा नाही, वेल मुळाशी कापायचा आणि मग उतरवायचा. तिचा हात आमच्या पानांखालून निघाला, मांडवाच्या मध्यावर आला, आमच्या खांबाकडे वळण्याऐवजी दुसऱ्या बाजूला गेला, खाली उतरला आणि धाकटीच्या आळ्यात येऊन थांबला. अगदी त्या हिरव्या वेटोळ्याजवळ.

हे फक्त तिने पाहिले आणि मी पाहिले. सासूबाईंना दिसत नव्हते. धाकटी डबा पुसत होती. विळ्याचा एक फटका, आणि कोणाला कधी काही कळले नसते. मी मनात म्हणाले, काप. काप ना. इतकी वर्षे पाणी कोणी घातले?

"आई, थांबा," थोरली म्हणाली. "हा हिचा आहे."

"अहो, पण पानं तर तुमची!" धाकटी म्हणाली.

"पानांना बी नसतं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि आई, ती कोवळा दुधी कापत होती तेव्हा मी तिथेच होते. बोलले नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिले. मग डबा घेतला आणि जरा रागातच म्हणाली, "आता तरी बोला. हा ठेवायचा कुठे? मला काय कळतंय त्यातलं?"

"कोरड्या जागी. माझ्या फळीवर. आणि आत थोडी राख घाल."

तर डबा धाकटीचा झाला. पण मित्रांनो, तो दुधी आमच्या पानांच्या आड लपला म्हणूनच कोणाच्या विळीला दिसला नाही. ती पाने माझ्या पाण्यावर वाढली होती. हे त्या दिवशी कोणी म्हटले नाही, म्हणून मी आज म्हणते.

पुढे सासूबाई त्या बियांचे आणखी दोन हंगाम बघून गेल्या. बघून म्हणजे चाचपून. छापखान्यात नवी यंत्रे आली, खिळे वितळवले गेले, आणि थोरलीचा नवरा घरी बसून शेजाऱ्यांना मांडव घालून देऊ लागला, एका मांडवाच्या लाकडात दोन. धाकटी नवऱ्याच्या बदलीबरोबर दूर गेली. जाताना डबा घेऊन गेली. तिथे गच्चीवर तिने फुटक्या बादल्यांत दुधी लावला, आणि दरवर्षी ती कागदाच्या पुडीत बी पाठवू लागली. पुडी आली की थोरली ती उघडून नाक मुरडायची. "यंदा बारीकच झालंय बी," असे म्हणायची, आणि त्यातले एकही न ठेवता सगळे पेरायची. शेवटच्या आजारातही तिने विचारले होते, पुडी आली का. आली होती.

नळी उन्हाने तडकली. थोरलीने ती टाकली नाही, तिचे तुकडे केले. काही वेल बांधायला गेले, आणि एक तुकडा उभा चिरून तिने माझ्या कडीवर बसवला, हाताला कापू नये म्हणून. तेव्हापासून ती माझ्या डोक्यावरच बसली आहे. मला ते अजून आवडलेले नाही.

टिकलीचे केस आता पिकले आहेत. तिच्या बाल्कनीत मी एका कोपऱ्यात असते. परवा तिच्या नातीने गुलाबी प्लॅस्टिकची झारी आणली. किती हलकी, किती चकचकीत! मी बघते आहे.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुन्या भांड्याला भोक पडले तर आधी डाख देणारा शोधा, मग कचऱ्याची टोपली शोधा. दोन कुंड्यांत का होईना, घरची भाजी लावा. आणि शेजारच्या कुंडीत तुमच्याआधी फूल आले तर जळा, खुशाल जळा, त्यावाचून राहवत नाही हे मला माहीत आहे. पण त्या भरात आपल्या झाडाला जास्त पाणी घालू नका. आणि शेजारी चुकत असेल, तर हाक मारा.