केळ्यांचे बोंबील

लिलीबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. तोंड शाबूत राहिलं. हाताबरोबर तोंडालाही प्लास्टर घालायची सोय असती, तर वटार गावच्या त्या वाडीतल्या बायकांनी डॉक्टरांच्या घरी फणस पोचते केले असते.

"अगो पॉलिन, किती पानी घालतेस? बुडवतेस काय त्या झाडाला?"

"केल्विन, चपला घाल रे, पाय भाजतील."

"ती कोंबडी कोनाची? हाकल तिला!"

पडवीत खुर्ची, गळ्यात अडकवलेल्या झोळीत हात आणि अंगणभर हुकूम, असा त्यांचा उन्हाळा चालला होता. पोरांच्या शाळेला सुट्टी. आठ वर्षांचा केल्विन आणि पाच वर्षांची पर्ल सकाळी डोळे उघडल्यापासून "मम्मी, बोअर होतंय" असा जप लावायची. लिलीबाईंचा मुलगा फ्लॉईड सातिवलीच्या कारखान्यात सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि आला की आईचं ऐकून मान हलवायचा, बायकोचं ऐकून मान हलवायचा. त्याची मान कंपनीतल्या पंख्यासारखी दोन्हीकडे फिरायची. वारा कुणालाच लागत नसे.

या सगळ्यांच्या मधे पॉलिन. अर्नाळ्याच्या कोळ्याची मुलगी, लग्न होऊन नऊ वर्षं झालेली. लिलीबाईंनी सून घरात घेतली होती, पण तिचा हात काही घेतला नव्हता. तिनं स्वयंपाक करावा, भांडी घासावी, वाडीतली झाडं शिंपावी, पोरं सांभाळावी. सुकेळ्यांच्या चटईला मात्र बोट लावायचं नाही. "मासळीवालीचा हात लागला तर केळ्याला वास येल," असं लिलीबाई चारचौघांत सांगायच्या. तिच्या माहेरून आलेली ओली मांदेली तीन-तीनदा ताटात वाढून घेताना मात्र त्यांना कसला वास येत नसे.

आता सुकेळी म्हणजे काय, तर पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात चांगली तांबूस, चिवट होईपर्यंत सुकवलेली. त्या घरात ती नुसता खाऊ नव्हती, अब्रू होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाडीच्या क्रुसाचा सण असतो. रोझरीची प्रार्थना झाली की प्रत्येक घर आपलं ताट क्रुसासमोर मांडतं. कुणाचे आंबे, कुणाचे ताडगोळे, कुणाचा फणस. फादर पहिला घास ज्या ताटातून उचलतात ते मानाचं ताट. लिलीबाईंच्या सासूपासून ते ताट याच घरचं, आणि त्यात सुकेळी. रीत अशी, की ती घरच्या बाईनंच केलेली हवीत. एक वर्ष जरी ताट चुकलं तर मान शेजारच्या रिटाच्या घरी जाणार.

लिलीबाईंचा हात मोडल्याचं कळल्यावर रिटा पहिली धावत आली होती. हाताची चौकशी दोन वाक्यांत संपली.

"मग लिलीमावशी, यंदा सुकेळ्यांचं कसं?"

"कसं म्हंजे? होतील."

"तसं नाय, म्हटलं पॉलिनला जमतंय की नाय. नाय जमलं तर सांगा. मी हायच."

रिटा गेली तेव्हा लिलीबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी अघटित होणार हे पॉलिनला ठाऊक होतं.

"पॉलिन," त्या म्हणाल्या, "हात साबनानं धू. दोनदा धू. आनि चटया काड."

पॉलिननं हात धुतले. नऊ वर्षांनी चटईला हात लागणार म्हणून तिला आनंद झाला, आणि त्याच दमात धास्तीही वाटली. जमलं तर कुणी नाव घेणार नव्हतं. बिघडलं तर मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं, आणि मेल्यावर सिमेट्रीतही लिलीबाई शेजारीच असणार होत्या.

पिकलेले घड उतरवले. केल्विन आणि पर्ल सोलायला बसली. एक केळं चटईवर, एक पोटात, असा पोरांचा हिशेब.

"एवडी कमी कशी भरली?" लिलीबाईंनी खुर्चीतून विचारलं.

"आजी, कावळा आलेला," केल्विन म्हणाला. त्याच्या गालावर केळं चिकटलेलं होतं.

"दोन पायांचा मोठा कावळा होता," पर्लनं भर घातली. कावळ्याला तसेही दोनच पाय असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिले दोन दिवस ऊन असं तापलं की अंगणात पापड भाजावा. केळ्यांवर साय धरली. लिलीबाईंनीही "बरंय" म्हटलं, म्हणजे उत्तमच असणार. पॉलिननं त्या आनंदात कोवळा फणस चिरला. हाताला तेल, विळीला तेल, तरी पोरांनी मधे हात घातलाच आणि चिकानं दोघांची बोटं एकमेकांना चिकटली. भाजीत तिनं मूठभर सुकट टाकली, कैरीची फोड टाकली. लिलीबाईंनी भाजीला नाव ठेवलं आणि टोप पुसून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मळभ आलं. आभाळ घोंगडी पांघरून बसलं, पाऊस नाही नि ऊनही नाही, नुसती घामट. चटईखालच्या पेंढ्यातून मुंग्यांची रांग निघाली. पॉलिननं एक केळं उलटून पाहिलं. वरून कोरडं आणि खालून चिकट. नाकाला लावलं तर आंबूस वास.

"आई, खालून घाम सुटलाय."

"दम धर. उन पडेल."

"नाय पडलं तर?"

"माझ्या सासूच्या येळेपासून चटईवर सुकतात. तू अर्नाळ्याहून येऊन शिकवनार मला?"

पण लहानपणापासून पॉलिननं एकच गोष्ट पाहिली होती. मळभ आलं की तिची आय जमिनीवरची सुकट उचलायची आणि वलांडीवरच्या बोंबलांना हातही लावायची नाही. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यामधे दोऱ्या ताणलेल्या, त्यावर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले. "उन रुसलं तरी वारा कामावर येतो," असं आय म्हणायची. केळं काय, बोंबील काय, ओलं ते ओलंच.

दुपारी लिलीबाईंचा डोळा लागला तेव्हा तिनं भावाला फोन लावला. संध्याकाळी सेबेस्टियन टेम्पोतून बांबू आणि दोऱ्या घेऊन हजर झाला. टेम्पो दारात थांबायच्या आधीच वास अंगणात आला आणि लिलीबाई जाग्या झाल्या.

"हे काय?"

"वलांडी, मावशी," सेबेस्टियन हसून म्हणाला. "तायनं मागवली."

"बोंबील आनलेस?"

"नाय. केळी टांगायचीत म्हनं."

लिलीबाईंचा आवाज मग रिटाच्या घरापर्यंतच नाही, पार गावच्या तळ्यापर्यंत गेला. "माझ्या घरातली केळी बोंबलांच्या दोरीवर? अगो, फादर तोंडात घालनार ती! लोक काय बोलतील? फ्लॉईड, बघ रे तुझी बायको!"

फ्लॉईड नुकताच सातिवलीहून आला होता. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "दोघींचं बरोबर हाय," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

"आई," पॉलिन म्हणाली, आणि तिचा आवाज नऊ वर्षांत पहिल्यांदा चढला, "चटईवर ठेवली तर परवा बुरशी येल. मग ताट रिटाच्या घरी. टांगली तर निदान दोष माझा. तुमी सांगा सगल्यांना, सुनेनं वाट लावली म्हनून."

हा सौदा लिलीबाईंना वाईट वाटला नाही. दोष द्यायला माणूस हाताशी असला की त्यांना धीर यायचा. त्यांनी तोंड फिरवलं. तोंड फिरवणं म्हणजे परवानगी, हे पॉलिन नऊ वर्षांत शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्या तिनं राखेनं घासल्या, चिंचेच्या पाण्यातून काढल्या. वास कमी झाला, पण गेला नाही. मग तिनं केळीच्या खोडाच्या सोपटाचे धागे काढले, पोरांना जोड्या बांधायला बसवलं. "एक तुझं, एक माझं" म्हणत पर्लनं जोड्या लावल्या, आणि त्या दिवशी कुणाला बोअर झालं नाही. संध्याकाळी अंगणात ओळीनं केळी लोंबत होती, बोंबील लोंबतात तशीच.

रिटानं कुंपणावरून फोटो काढला. रात्री जेवणाच्या आधी तो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला होता. खाली लिहिलेलं, "वटारमध्ये नवीन मासळी, केळ्यांचे बोंबील." खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग. पॉलिन एकेक नाव बघत गेली. शेवटून दुसरं नाव फ्लॉईडचं होतं.

"तुमी पन हसलात?"

"अगं, सगळे हसत होते. मीच नाय हसलो तर वाईट दिसतं."

पॉलिनला रडू आलं. मासळीवाली म्हटल्याचं तिला इतक्या वर्षांत कधी एवढं लागलं नव्हतं. मासळीवाली तर ती होतीच. पण आपल्या माणसानं कुंपणापलीकडे उभं राहून हसावं, हे तिला लागलं. तिनं त्याच्या ताटात भात वाढला आणि कालवण वाढायचं विसरली. फ्लॉईडनं कोरडा भात खाल्ला. मागायची छाती झाली नाही.

मळभ आठवडाभर हललं नाही. पण दुपार कलली की समुद्राकडून वारा यायचा, आणि वलांडीवरची केळी डुलायची. पोरं खाली काठ्या घेऊन कावळे राखत बसायची. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबून विचारायचा, "काय गो, बोंबील कसे दिले?" पॉलिन हसायची आणि केळी फिरवायची. लिलीबाई खुर्ची आत नेऊन बसल्या होत्या. आपला याच्याशी संबंध नाही हे जगाला कळावं म्हणून. रात्री मात्र कुणी नसताना त्या डाव्या हातानं एखादं केळं चाचपून बघायच्या, आणि ते पॉलिननं खिडकीतून पाहिलं होतं.

सणाच्या दिवशी क्रुसाला झेंडूच्या माळा घातल्या. रोझरी झाली, ताटं मांडली. रिटाच्या ताटात कापलेलं कलिंगड होतं. तिनंही घाईघाईनं सुकेळी घातली होती, ती चटईवरच बुरसली आणि रातोरात गायीच्या गव्हाणीत गेली, हे वाडीला कळलं होतं. मळभानं कुणालाच सोडलं नव्हतं. साऱ्या वाडीत सुकेळ्यांचं ताट एकच. तांबूस, चकचकीत, वाळल्या पानात गुंडाळलेली.

फादरनी एक उचललं, खाल्लं. डोळे मिटले. दुसरं उचललं. आता वाडीनं श्वास रोखला, कारण दुसरं कधी उचलत नाहीत. दुसरं तोंडाशी नेताना फादर थांबले आणि त्यांनी ते नाकाला लावलं.

"सुंदर आहे हो. पण हा वास... ओळखीचा वाटतो."

"फादर, बोंबलांचा!" पर्ल मोठ्यानं म्हणाली. "माझ्या मम्मीनं बोंबलांच्या दोरीवर सुकवलीत. मी जोड्या लावल्या."

रिटाच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. पॉलिननं मान खाली घातली. आता लिलीबाई बोलणार, आणि सौद्याप्रमाणे दोष तिच्या पदरात घालणार.

लिलीबाई पुढे झाल्या. प्लास्टरचा हात त्यांनी झोळीतून थोडा वर काढला, साक्षीला काढावा तसा.

"जुनी रीत हाय, फादर," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूची. समुद्राच्या वाऱ्यावर, वलांडीला टांगून. खरी सुकेळी तशीच व्हायची. ह्या चटया नंतर आल्या. हल्ली कोन करतंय एवडं?"

"अगदी बरोबर," मागून एक म्हातारा म्हणाला. "माझी आजी पन टांगायची."

"आमच्याकडं पन," आणखी दोघी-तिघी म्हणाल्या. पाच मिनिटांत वाडीतल्या प्रत्येक आजीनं केळी टांगलेली निघाली. फादरनी तिसरं सुकेळं उचललं.

केळी बिघडली असती तर दोष पॉलिनचा होता. श्रेय मात्र सिमेट्रीत वीस वर्षं झोपलेल्या बाईला गेलं. आयत्या बिळावर नागोबा ऐकले होते, आयत्या वलांडीवर सासूची सासू पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात वाडीतल्या बायका जमल्या. रिटा सगळ्यांत पुढे. केल्विन आणि पर्ल गरे खात पायरीवर बसली होती. पॉलिन चुलीच्या निखाऱ्यात आठळ्या भाजत होती. लिलीबाई खुर्चीत, खुर्ची पुन्हा पडवीत.

"मावशी, आमालाही शिकवा जुनी रीत," रिटा म्हणाली. "आधी चटईवर किती ठेवायची? टांगायची कधी? बांधायची कशी? बांधली की तुटत नाय?"

लिलीबाईंनी खाकरून घेतलं. "आधी... केळी सोलायची."

"मग?"

"मग टांगायची."

"लगेच? ओली? गळून नाय पडनार?"

लिलीबाईंनी चुलीकडे पाहिलं. पॉलिन आठळी फुंकत होती. इतक्या मन लावून आठळी कुणी फुंकलेली वटारनं पाहिली नव्हती.

"पॉलिन," लिलीबाई म्हणाल्या.

"काय आई?"

"ये इकडं. बस." त्यांनी डाव्या हातानं शेजारचं स्टूल ओढलं, ज्यावर नऊ वर्षं फक्त त्यांची पानाची तबकडी बसत होती. "सांग ह्यांना. माझ्या सासूनं तुला कसं शिकवलं ते."

पॉलिननं हात पदराला पुसले. सावकाश आली, स्टुलावर बसली, आणि बायकांकडे बघून म्हणाली, "आजींनी मला एवडंच सांगितलं, की चटईचं काय ते लिलीला ठाऊक. वलांडीचं अर्नाळ्याच्या पोरीला विचारायचं."

पहिली रिटा हसली. मग सगळ्या हसल्या. शेवटी लिलीबाईही हसल्या, पण तोंड फिरवून.